कोऱ्या आउटपुटवर सही-शिक्का

अलीकडच्या पत्रांत एकच रड आहे. एकाच पत्त्याकडचा ट्रॅफिक मध्येच मरतो, बाकी सगळे सुरळीत. ‘आयपी रूट’मधला गेटवे बरोबर, आणि ‘आयपी रूट शो कॅश’ मारावे तर स्क्रीन कोरी.

एका वाचकाच्या कार्यालयात तर कहरच. ऑडिटच्या नव्या फॉर्मात प्रत्येक बिघाडासोबत याच कमांडचा आउटपुट जोडणे सक्तीचे केले आहे. वाचकाने कोरा कागद छापला, साहेबांनी त्यावर सही-शिक्का ठोकला आणि त्याच कागदाच्या आधारे व्हेंडरने ‘सर्व्हरमध्ये दोष नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद केले!

2012 मध्ये लिनक्स 3.6 ने आयपीव्ही4 ची जुनी रूट कॅश काढून टाकली. ते योग्यच झाले. बाहेरून पॅकेट्सचा मारा करून ती कोणीही फुगवू शकत असे. पण रिडायरेक्ट आणि पीएमटीयूचे अपवाद नेक्स्टहॉपखाली जाऊन बसले. पॅकेट्स त्यांच्याच सांगण्यावरून वळत राहिली, कमांडला मात्र ते दिसेनात. 2019 च्या 5.3 पर्यंत हे असेच चालले. कमांडने एरर दिली असती तर लोक ओरडले असते. कोऱ्या स्क्रीनबद्दल कोण ओरडणार? 5.3 मध्ये अपवाद पुन्हा दिसू लागले, तेही नीट निवडून: मुदत संपलेल्या किंवा फ्लशने रद्द झालेल्या नोंदी मेमरीत पडून असल्या तरी यादीत येत नाहीत.

आणि आपण? सेंटओएस 7 चा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, तरी ‘चालतंय ना’ म्हणत 3.10 कर्नल कवटाळून बसलेले सभासद कमी नाहीत. साहेबांना दोष देण्याआधी अपग्रेडची तारीख ठरवा. तोवर बिघाड चालू असतानाच, अडलेला पत्ता देऊन ‘आयपी रूट गेट’ मारा. ‘रिडायरेक्टेड’ दिसले की चोर सापडला. उशीर नको: मूळ सेटिंगमध्ये रिडायरेक्टची नोंद पाच मिनिटांत, पीएमटीयूची दहा मिनिटांत बाद होते आणि व्हेंडर ‘आम्हाला दिसत नाही’ म्हणायला मोकळा. रिडायरेक्ट नकोच असतील तर ‘अॅक्सेप्ट रिडायरेक्ट्स’ नुसते ‘ऑल’खाली शून्य करून भागत नाही, फॉरवर्डिंग बंद असलेल्या मशीनवर संबंधित इंटरफेसचेही शून्य करावे लागते. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

यापुढे ‘युनेम -आर’ आणि ‘रूट गेट’चा आउटपुट नसलेली पत्रे छापणार नाही.