स्वस्त रिव्हॉल्व्हरची महाग हौस

अमेरिकेत ‘हेरिटेज रफ रायडर’सारखे .२२ बोअरचे स्वस्त रिव्हॉल्व्हर बाळगणारे त्याचे गुण गातात: काडतूस स्वस्त, धक्का कमी, दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, त्यामुळे विचाराला क्षणभर अवसर. हा शेवटचा गुण मला पटतो. पण आमच्या कोंढ्यात धानात शिरणाऱ्या रानडुकरापुढे असले हत्यार म्हणजे खेळणेच. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी सोय आहे ती तोंडाकडून दारू ठासायच्या भरमार बंदुकीची. शिवाय डुकराला गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी हवीच. मग रिव्हॉल्व्हर घरात कशाला? रुबाबाला? कपाटातल्या शस्त्राला डुकरे भीत नाहीत. पोरांच्या हाती मात्र ते सहज लागते. ‘स्वस्त’ म्हणताना हीही किंमत धरावी.