टावर नव्हता गेला!

मागच्या शनिवारी घरी होतो, म्हणजे केळापूरला. (पांढरकवडा म्हटलं की नागपूर-हैदराबाद हायवेवाल्यांना पटकन कळतं, त्याला लागूनच.) सुट्टीच होती, पण ऑफिसातून फोन आलाच: रात्रीचा बॅकअप का झाला नाही ते जरा बघ.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, सर्व्हरवर लॉगिन केलं, टीमची नेहमीची सेटिंगची फाईल 'सोर्स' केली आणि लॉगमध्ये एक शब्द 'ग्रेप' करून शोधला. सेशन बंद! पुन्हा लॉगिन, पुन्हा तेच. बाबा म्हणाले, "टावर गेला असन रे." मलाही पटलं. गावाकडे काही बिघडलं की आधी नेटवर्कलाच शिव्या घालायच्या, ही आपली सवय. गच्चीवर जाऊनही तेच झालं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. नेटवर्क गेलं असतं तर स्क्रीन गोठली असती ना? इथे तर 'कनेक्शन क्लोज्ड' असा सभ्य निरोप मिळत होता.

फाईल उघडली. पहिलीच ओळ: 'सेट मायनस ई'. म्हणजे कुठलीही कमांड फसली की शेलने तिथेच थांबायचं.

आता गंमत बघा. स्क्रिप्ट 'एक्झिक्यूट' केली की ती वेगळ्या शेलमध्ये चालते. ती मेली तरी तुमचा शेल जिवंत. 'सोर्स' केली की ती तुमच्याच शेलमध्ये चालते, आणि तिने बदललेली सेटिंग्ज मागे राहतात. ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो 1 परत करतो. शेलच्या दृष्टीने ही चूकच. झालं, माझं लॉगिन शेल आटोपलं. बॅकअपची स्क्रिप्टही हीच फाईल सोर्स करत होती. तीही अशाच एका ग्रेपवर तीन रात्री मुकाट्याने मरत होती. तीन रात्री बॅकअप नाही, आणि कुणाला पत्ता नाही!

म्हणून 'सेट मायनस ई' वाईट का? मुळीच नाही. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीमचा किस्सा गाजला होता. त्याची स्क्रिप्ट 'सीडी' करून आपला फोल्डर शोधायची. सीडी फसलं, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि 'आरएम मायनस आरएफ' पुढे उरला नुसता स्लॅश आणि स्टार. लोकांच्या फायली गेल्या. त्या ओळीवर लिहिणाऱ्याने स्वतःच 'स्केअरी' अशी कॉमेंट टाकून ठेवली होती! तिथे 'सेट मायनस ई' असतं तर स्क्रिप्ट आधीच थांबली असती.

माझं म्हणणं एवढंच: ते एक्झिक्यूट होणाऱ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर हवं, सोर्स होणाऱ्या फाईलमध्ये कधीच नको. तिथे 'एक्झिट'ही नको, 'रिटर्न' वापरा. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर मेन स्विच बंद करून निघत नाहीत.

सोमवारी ती ओळ काढली. शेजारचा म्हणाला, "पण मग त्या फाईलमध्येच काही फसलं तर कळणार कसं?" काय फसलं ते फाईलने एका ओळीत सांगावं आणि रिटर्न 1 करावं. थांबायचं की पुढे जायचं, ते बोलावणारा ठरवेल. त्याला अजून पटलेलं नाही.