समासातली पेन्सिल

रविवारी लातूरहून भाचा आला. जेवण झाल्यावर माडीवर गेला, कपाटांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हे सगळं आता मोबाईलवर येतंय की. कशाला एवढं ओझं सांभाळत बसलाव? रद्दीला देऊन टाका." आमच्या कपाटांना वाळवी लागली होती. तेव्हासुद्धा मला इतकं लागलं नव्हतं. हा मुलगा याच माडीवर, याच कपाटांतल्या गोष्टी ऐकत वाढला आहे.

मोबाईलवरचं पुस्तक पैसे मोजूनही आपलं होत नाही, आपल्याला मिळते ती फक्त वाचायची परवानगी. 2009 च्या जुलैत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '1984' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकत घेतलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, हे खरं. पण एका अमेरिकी विद्यार्थ्याने त्यावर अभ्यासाची टिपणं काढली होती. पुस्तकच गेल्यावर ती टिपणं कशाची, हे कळेनासं झालं आणि तो कोर्टात गेला. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा गिऱ्हाइकांची पुस्तकंही दुकानाबरोबर गेली.

हे सांगितलं आणि त्याच्या हातात विचारवंत कुरुंदकर गुरुजींचं 'शिवरात्र' ठेवलं. ही प्रत मी जुन्या पुस्तकांतून उचलली होती. आधीच्या मालकाने निळ्या शाईने पानोपानी गुरुजींशी वाद घातला आहे. एका ठिकाणी 'अमान्य' लिहून खाली दोन रेघा ओढल्यात आणि चार पानं पुढं, त्याच शाईत, बारीक अक्षरात 'मान्य'. हा माणूस आमच्या नांदेडचाच असणार असं मला आपलं वाटतं. कोण जाणे, पीपल्स कॉलेजात गुरुजींसमोर बसलाही असेल. त्याला मी कधी पाहिलं नाही, नावही ठाऊक नाही. पण हे पुस्तक उघडलं की तो शेजारी येऊन बसतो. अशी सोबत मला कुठल्या पडद्यावर मिळाली नाही.

भाचा ऐकून घेऊन गेला, पटलं काही नाही. गुरुवारी माझंच लातूरला काम निघालं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने पोचलो आणि मुक्कामाला बहिणीकडं गेलो. भाची यंदा नीटला बसते आहे. तिच्या टेबलावर एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन पुस्तकं होती, पाठीला खाकी चिकटपट्टी, कोपरे गोल झालेले. ती तिने नवी घेतलेली नाहीत. गल्लीतल्या एका मुलीची होती, ती मेडिकलला गेली. तिच्याकडून दुसरीकडं, मग तिसरीकडं, आता हिच्याकडं. चार मुलींची अक्षरं एका समासात.

ही पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि क्लासच्या प्रत्येक मुलाच्या मोबाईलमध्ये ती असतात. तरी पोरं छापील पुस्तक धरून बसतात. नीटच्या 180 प्रश्नांतले 90 जीवशास्त्राचे, 720 पैकी 360 गुण त्यांचे, आणि त्यातले कितीतरी थेट या पुस्तकांतल्या ओळींवरचे. भाची म्हणाली, "मामा, प्रश्न वाचला की पान दिसतं. डाव्या हाताचं पान, आकृतीच्या खाली तिसरी ओळ. मोबाईलवर सगळं वर सरकत जातं, जागाच राहत नाही." ज्या गावात अख्खा दिवस गुणांच्या हिशेबात जातो, तिथल्या सतरा वर्षांच्या मुलीने मला जे सांगितलं, ते मला भाच्यासमोर तीन तासांत नीट मांडता आलं नव्हतं.

मग मी त्यातलं अकरावीचं पुस्तक चाळायला घेतलं आणि कशाला आलो होतो ते विसरलो. त्यात 'पचन आणि शोषण' हा धडा होता. अभ्यासक्रमाचं ओझं कमी करायचं म्हणून 2022 मध्ये एनसीईआरटीने बरेच धडे कापले, त्यात हाही गेला. दहावीच्या विज्ञानातली उत्क्रांतीही तेव्हाच गेली आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांनी पत्र काढून निषेध केला. मला त्याचा राग आहे, आजही आहे. संकेतस्थळावरची फाईल बदलली की धडा तिथं होता याची खूणही उरत नाही. या चिकटपट्टी लावलेल्या पुस्तकातून मात्र तो कुणाला काढता आला नाही. धड्याच्या पहिल्या पानावर पहिल्या मुलीची मुंगीच्या पावलांएवढी टिपणं आहेत, दुसरीने त्यात भर घातली आहे आणि तिसरीने वर पेन्सिलीने लिहिलंय, 'वगळलं.'

त्या शब्दाखाली भाचीच्या ताज्या खुणा दिसल्या. मी विचारलं, "हे तर परीक्षेला नाही ना?"

"नाही मामा. पण उद्या पोट दुखतंय म्हणून कुणी आलं तर?"

आणि तिने माझ्या हातून पुस्तक घेतलं, यकृताच्या आकृतीपाशी आली आणि पहिलीच्या अक्षराशेजारी उरलेल्या जागेत लिहू लागली.