पूर्व दरवाजापाशी

मार्च उजाडला की नाशिकला पहाटेचा गारवा जाता जात नाही आणि दुपारचे ऊन थांबता थांबत नाही. दिंडोरी-निफाडच्या बागांतून द्राक्षांचे क्रेट भरले जात असतात, घरोघरी परीक्षांची जागरणे असतात, आणि जुन्या नाशकाला होळी-रंगपंचमीचे वेध लागलेले असतात. याच दिवसांत २ मार्च येतो. १९३० साली या तारखेला, अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून निघालेली हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजाशी आली, सारे दरवाजे बंद दिसले, आणि ती गोदाघाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी सुरू झालेला सत्याग्रह कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही वर्षे चालवला. आपण दरवर्षी त्या सत्याग्रहींना अभिवादन करतो. आज मात्र त्या दरवाजाच्याही मागे, चौदा वर्षे आधीच्या एका वर्गात डोकावून पाहावेसे वाटते.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानवशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातील जातींवर निबंध वाचत होते. शाळेत ज्यांना वेगळे गोणपाट घेऊन बसावे लागले होते, त्यांनी तिथे स्वतःची जखम बाजूला ठेवली आणि जात ही गोष्ट एखाद्या संग्रहालयातल्या वस्तूसारखी मेजावर मांडली. ती कशाची बनली आहे, चालते कशी, टिकते कशी, हे ते विचारत होते. पोटजातीतच लग्न लावण्याचा नियम हा तिचा कणा, असे त्यांनी दाखवले. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली तो कणा ताठ ठेवण्यासाठी आल्या. त्यांचे गोडवे मागाहून गायले गेले. कोण्या एका स्मृतिकाराने जात निर्माण केली हेही त्यांना पटले नाही. एका वर्गाने स्वतःला कोंडून घेतले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, असे ते मांडत होते. बंद दाराची प्रतिमा त्या निबंधातही आहे.

आपल्याला वाटते, मानवशास्त्र म्हणजे दूरदेशीच्या लोकांच्या चित्रविचित्र चालीरीतींची नोंदवही. पण या विद्येचे खरे काम विद्यार्थी घरी परततो तेव्हा सुरू होते. नाशिकचा मुलगा लहानपणापासून रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी घेत आलेला असतो. आता प्रथमच त्याच्या मनात येते, रहाड उघडण्याचा मान कोणाचा, आणि तो त्यांच्याकडे कसा आला? मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे चालते, आत्याची मात्र सहसा चालत नाही, यामागे उत्तर आणि दक्षिण भारतातल्या नातेव्यवस्थांची गाठभेट आहे, हे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या लेखनातून त्याला कळते आणि स्वतःच्या आजी-आजोबांचे लग्न नव्याने दिसू लागते. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावर तो जातो. वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो, त्याच दिवशी तिथे वाघबारस असते आणि वाघदेवाला नैवेद्य दाखवला जातो. कालपर्यंत ‘या लोकांकडे काय नाही’ याची यादी करणारा तो आता ‘यांना काय ठाऊक आहे’ हे विचारू लागतो.

हा बदल सुखाचाच असतो असे नाही. मधला एक काळ फार अवघड जातो. घरातला प्रत्येक शब्द टोचतो, वधू-वर सूचक मंडळाची पत्रिका हातात धरवत नाही, आपलीच माणसे परकी वाटतात. पुष्कळजण तिथेच थांबतात आणि तुच्छतेलाच ज्ञान समजून बसतात. इरावतीबाई तिथे थांबल्या नाहीत, म्हणून त्या आपल्याला मोठ्या वाटतात. त्या पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायकांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले, त्यांना ते लागले, आणि त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या. मग त्या बायका अधिक जवळ आल्या, हात धरून चालू लागल्या, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी वारी सोडली नाही आणि डोळेही मिटले नाहीत. परंपरेवर प्रेम करण्याची ही रीत आपण आत्मसात केली, तर आपल्या कितीतरी सणांना नवी पालवी फुटेल.

आणि कोलंबियातला तो विद्यार्थी? त्याच्या निबंधातली जात माणसांनी घडवलेली होती, म्हणूनच तिच्याशी माणसे झगडू शकत होती. १९३० मध्ये बाबासाहेब नाशिकला आले तेव्हा त्यांच्यासोबत हजारो पावले होती आणि ही जाण होती.

परीक्षा संपतील, जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज येतील. आपल्या घरातली एखादी मुलगी म्हणेल, मला मानवशास्त्र शिकायचे आहे. ‘त्याने पोट भरेल का’ हा प्रश्न आपल्या ओठांवर येईल. तो काळजीपोटीच येईल. पण तो विचारण्याआधी तिला घेऊन एकदा पंचवटीत जाऊ या, काळारामाच्या पूर्व दरवाजापाशी थोडा वेळ उभे राहू या, आणि तिला काय विचारायचे आहे ते आधी ऐकून घेऊ या.