हुशारी ही लस नव्हे

२० मार्च १९९५. सोमवारची सकाळ, टोकियोत कचेऱ्या गाठण्याची वेळ. पाच माणसे पाच वेगवेगळ्या भुयारी गाड्यांत चढली. प्रत्येकाकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या आणि टोक घासून अणकुचीदार केलेली छत्री होती. ठरलेले स्थानक जवळ येताच त्यांनी पिशव्या छत्रीने भोसकल्या आणि ते उतरून गेले. पिशव्यांत सरीन होते, श्वास आणि स्नायू चालवणाऱ्या मज्जासंस्थेलाच बंद पाडणारे विष. त्या हल्ल्यातल्या मृतांचा आकडा पुढे चौदावर गेला. जखमी सुमारे सहा हजार.

‘ओम शिनरिक्यो’ या पंथाचे हे पाच जण कोण होते? इकुओ हायाशी हा हृदयशल्यविशारद, सरकारी रुग्णालयातला विभागप्रमुख. केनिची हिरोसे वासेदा विद्यापीठाचा, उपयोजित भौतिकशास्त्राचा अव्वल विद्यार्थी. तोरु तोयोदा टोकियो विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करत होता. चौथाही भौतिकशास्त्राचाच आणि पाचवा कृत्रिम बुद्धिमत्ता शिकलेला. सरीन तयार करणारा तरुण सेंद्रिय रसायनशास्त्रात उच्चशिक्षित. या सगळ्यांचा गुरू शोको असाहारा मात्र अंधशाळेत शिकलेला, अॅक्युपंक्चरचा व्यवसाय करणारा आणि १९८२ मध्ये बनावट औषधे विकल्याबद्दल दंड झालेला माणूस होता.

‘एवढी शिकलेली पोरे याच्या नादी लागलीच कशी?’ असे तेव्हा जपानभर विचारले गेले. आपल्याकडे एखादा बुवा पकडला गेला की हेच विचारले जाते. या प्रश्नातच एक चुकीचे गृहीतक दडले आहे. शिक्षण आणि बुद्धी म्हणजे अशा पंथांविरुद्धची लस आहे, असे त्यात धरलेले असते. ती तशी नाही. काही वेळा तर हुशारीच वाट मोकळी करून देते.

गोंधळात थोडी भर आपल्या भाषेनेही घातली आहे. अशा बंदिस्त संघटनांसाठी मराठीत नेमका शब्द नाही. ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे मानाचे शब्द; ज्या भाषेत वारकरी संप्रदाय आहे, तिथे संप्रदाय या शब्दाने कुणी दचकत नाही. उरतो ‘बुवाबाजी’. या शब्दाचा सगळा प्रकाश बुवावर आणि त्याच्या लबाडीवर पडतो. शिष्य अंधारात राहतो आणि आपण त्याला ‘भोळा’ म्हणून मोकळे होतो. खरे तर समजून घ्यायचा तो शिष्यच.

हिरोसेचे उदाहरण घेऊ. तुरुंगात असताना त्याने विद्यार्थ्यांसाठी एक दीर्घ पत्र लिहिले. पंथांपासून तरुणांना सावध करावे म्हणून त्याच्याकडून ते मागवण्यात आले होते. त्याची सुरुवात आश्रमात होत नाही, शाळेत होते. शाळेच्या शेवटच्या वर्षी दुकानातल्या एका विद्युत उपकरणाची किंमत उतरलेली त्याला दिसली. कालपर्यंत नवलाईची वाटणारी वस्तू आज स्वस्तात निघाली आहे, हे पाहून त्याला अचानक सगळे पोकळ वाटू लागले. मग जगण्याला अर्थ काय? हा प्रश्न त्या वयात हजारो मुलांना पडतो आणि बहुतेकांचा तो परीक्षा, प्रेम, नोकरी यांत विरघळून जातो. हिरोसेचा विरघळला नाही. १९८८ मध्ये त्याच्या हाती असाहाराचे पुस्तक पडले. वाचून थोडेच दिवस झाले होते. एका रात्री झोपेच्या सीमेवर असताना त्याला आपल्या आत स्फोट झाल्यासारखा आवाज आला आणि अंगभर ऊर्जा उसळल्याचे जाणवले. पुस्तकात कुंडलिनी जागृत होण्याचे वर्णन होते आणि ते जुळले. पुढच्या वर्षी एका इलेक्ट्रॉनिक कंपनीतली ठरलेली नोकरी सोडून तो संन्यासी झाला.

झोप लागता लागता डोक्यात मोठा स्फोट ऐकू येणे हा प्रकार मेंदूविज्ञानाला ठाऊक आहे. तो निरुपद्रवी असतो आणि चांगल्या निरोगी माणसांनाही होतो. हिरोसेला नेमके तेच झाले होते का, हे आता इतक्या वर्षांनी कुणी ठरवू नये. त्याने विचार कसा केला, ते महत्त्वाचे. पुस्तकाने एक भाकीत केले, त्याच्या स्वतःच्या शरीरात ते खरे ठरले, म्हणजे पुस्तक खरे. प्रयोगशाळेत वाढलेल्या मुलाला हे पुराव्याचे तर्कशास्त्र वाटले. अनुभव त्याचा स्वतःचा होता. अर्थ मात्र दुसऱ्याने आधीच तयार करून ठेवलेला होता आणि इतर कोणते अर्थ शक्य आहेत, हे तपासायला तो थांबला नाही. ‘मी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, अनुभव आल्यावरच मानतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्या तरुणाने हे दोनदा वाचावे.

असे अनुभव मुद्दाम निर्माणही करता येतात. बराच वेळ जलद श्वास घेत राहिले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांना मुंग्या येतात, डोके हलके होते, कधी डोळ्यांपुढे प्रकाशही चमकतो. त्यात उपास आणि जागरण मिसळले की कुणालाही काहीतरी दिसू लागते. ओम पंथाने पुढे तोही धीर धरला नाही. स्वतःच्या प्रयोगशाळेत एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे रसायन बनवून दीक्षेच्या नावाखाली ते शिष्यांना पाजले. गुरूच्या मेंदूतील लहरी शिष्याच्या मेंदूत उतरवणारी म्हणून तारा जोडलेली एक टोपी निघाली आणि ती भरमसाट पैसे घेऊन दिली जाई.

सुरुवात मात्र अशी नव्हती. १९८४ मध्ये टोकियोच्या शिबुया भागात निघाला तो एक छोटा योगवर्ग. लवचिक अंग, शांत मन, थोडी अलौकिक शक्तीची आशा आणि आपले ऐकून घेणारी माणसे. शिष्यांना नवी नावे मिळत. ती आपल्या कानाला फारच ओळखीची वाटतील: डॉक्टर हायाशी झाला ‘कृष्णानंद’, हिरोसे झाला ‘संजय’. फुजी पर्वताच्या पायथ्याशी उभ्या राहिलेल्या इमारतींना ‘सत्यम्’ म्हणत आणि त्यांना क्रमांक देत. त्यांतल्याच एका सत्यम्‌मध्ये सरीनचा कारखाना होता.

पूर्णवेळ शिष्य व्हायचे तर मालमत्ता पंथाला द्यायची आणि घराशी संबंध तोडायचे. मग तीन-चार तास झोप, उकडलेल्या भाज्यांसारखे बेचव जेवण आणि बाकी वेळ साधना व काम. आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक भाग हाच, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना चौदा दिवस रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिले. त्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती हळूहळू इतकी घसरली की दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांशी तुलना व्हावी. पण त्यांना स्वतःला ती घसरण फारशी जाणवत नव्हती. थोडी झोप येते, एवढेच ते सांगत. ज्याचा विवेक रोज थोडा थोडा बोथट होतो आहे, त्याला तो बोथट होतोय हे कळत नाही. अशा माणसाला ‘तू तुझ्या मर्जीने राहतोस ना?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे हो म्हणेल.

शिवाय जे सोडून आला, त्याचीही एक किंमत असते. १९५९ मध्ये अॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात घेतले. काहींना प्रवेशासाठी ओशाळवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना कोणतीच नाही. नंतर सर्वांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम कंटाळवाणी रचलेली होती. ओशाळवाण्या परीक्षेतून गेलेल्या मुलींनाच ती सर्वांत रंजक वाटली. एवढे सोसून मिळवलेली गोष्ट फालतू आहे, हे मान्य करणे मनाला फार जड जाते. मग ज्याने नोकरी, घर, आई-बाप आणि बँकेतला शेवटचा पैसा दिला, त्याच्याकडून ती कबुली किती लवकर येईल?

भाषाही आतून बदलली जाते. तिबेटी बौद्ध परंपरेत मृत्यूच्या वेळी चित्त उच्च अवस्थेत नेण्याच्या साधनेला एक शब्द आहे. ओम पंथात तो ‘पोआ’ झाला आणि हळूहळू त्याचा अर्थ ठार मारणे असा झाला. पंथाविरुद्ध लढणारा एक वकील, त्याची पत्नी आणि त्यांचे तान्हे मूल यांना १९८९ मध्येच मारण्यात आले. करणाऱ्यांच्या तोंडी खुनाचा शब्द नव्हता; ते ‘पोआ’ करत होते. डॉक्टर हायाशी आत आलेल्यांना भुलीचे औषध देऊन त्यांच्याकडून कबुली काढत असे, विजेच्या झटक्यांनी आठवणी पुसत असे. वैद्यकीय ज्ञान तसेच राहिले होते, फक्त त्यावरचा मालक बदलला होता.

हे वाचून असे वाटेल की एकदा आत पाऊल पडले की सुटका नाही. तेही खरे नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी कोरियात जन्मलेल्या युनिफिकेशन चर्चचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या १९८४ च्या पुस्तकातील निष्कर्ष असा, की लंडनमधील निवासी शिबिरांना गेलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक सदस्य झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांतलेही बरेच एक-दोन वर्षांत बाहेर पडले. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द म्हणूनच जपून वापरायला हवा. मंत्र टाकल्यासारखे मन काबीज करण्याची विद्या कुणाकडे नाही. हे पंथ खूप जाळी टाकतात, आणि प्रश्नाने पोखरलेली, नुकतीच घर सोडून आलेली, मैत्री शोधणारी काही मुले त्यांत अडकतात. शहरात नवे आलेले, वसतिगृहातले पहिले सत्र, तुटलेले प्रेम, हुकलेली परीक्षा. हे दिवस बहुतेकांच्या आयुष्यात येतात आणि जातात. नेमके त्याच आठवड्यात कोण भेटले, यावर पुष्कळ ठरते.

मग वारीला जाणारा तरुणही पंथात अडकलेलाच का? मैलोन्‌मैल चालणे, उपास, टाळ-मृदंगाचा नाद, स्वतःला विसरून जाणे, हे सारे साहित्य तिथेही आहे. पण आषाढी झाली की वारकरी घरी परततो, शेतात जातो, शेजाऱ्याशी भांडतो, पुढच्या वर्षी आला नाही तर दिंडी त्याला गद्दार म्हणत नाही. भक्ती किती उत्कट आहे, यावरून काहीच कळत नाही. दार आतून उघडते का, ते पाहायचे. झोपू देतात का, घरी फोन करू देतात का, प्रश्न विचारला की काय होते, सोडून गेलेल्यांबद्दल काय बोलतात, आणि सर्वांत आधी, पहिल्या दिवशी संघटनेचे खरे नाव सांगतात का.

मुलगा किंवा मुलगी अशा ठिकाणी जाऊ लागली की घरात सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. एक, थट्टा आणि तर्काचा मारा. दुसरी, ‘तो सोडून येत नाहीस तोवर घराची पायरी चढू नकोस’. दोन्हीतून पंथाचे काम सोपे होते. बाहेरचे लोक तुला समजून घेणार नाहीत, असे आत सांगितलेलेच असते. बाप ते सिद्ध करतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत काही पालकांनी पैसे देऊन आपली सज्ञान मुले पळवून आणली, खोलीत कोंडून त्यांचे ‘मतपरिवर्तन’ करवले. प्रकरणे न्यायालयात गेली, काही मुले आणखी कडवी होऊन परतली. कोंडून ठेवणे हे कोंडून ठेवण्यावरचे औषध असू शकत नाही.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच. पण त्याचा रोख ठरावीक अघोरी कृत्यांवर आहे. सज्ञान मुलगी हळूहळू झोप, पैसे आणि मैत्रिणी सोडत गेली, तर त्यात कलम लावण्यासारखे काही घडलेले नसते. तिथे कामाला येते ती दर रविवारची कंटाळवाणी फोनवरची बातचीत: काय जेवलीस, आजीचा गुडघा दुखतोय, मांजरीला पिल्ले झाली. श्रद्धेवर वाद नाही, पैसेही नाहीत, पण परतीचे तिकीट कधीही मिळेल हे तिला ठाऊक असले पाहिजे. महाविद्यालयांना करता येण्यासारखेही बरेच आहे. पहिल्या सत्रात रॅगिंगविरोधी फलक लागतात तसे, वसतिगृहात येऊन ‘मोफत ध्यान’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे वर्ग घेणारे नेमके कोणत्या संस्थेचे आहेत, हे लेखी मागायला काय हरकत आहे? आणि रात्री दोन वाजता जगण्याचा अर्थ विचारणाऱ्या मुलाला ऐकून घेणारा समुपदेशक नसेल, तर दुसरे कुणी ऐकायला बसलेलेच असते.

हिरोसेसह पंथाच्या तेरा जणांना जपानने जुलै २०१८ मध्ये फाशी दिली. असाहाराही त्यांत होता. पंथ संपला नाही. नाव बदलून ‘अलेफ’ आणि इतर गटांत तो उरला असून सदस्यसंख्या दीड हजारांच्या आसपास आहे. तिथली सुरक्षा यंत्रणा दरवर्षी तेच सांगते: नवे शिष्य बहुतांशी तरुण, १९९५ ची आठवण नसलेले. समाजमाध्यमावर किंवा रस्त्यात ओळख होते, मग योगवर्गाचे निमंत्रण येते. वर्गाला भलतेच नाव असते. काही महिने मैत्री मुरते, मग भुयारी रेल्वेतला हल्ला हे पंथाविरुद्ध रचलेले कारस्थान होते असे समजावले जाते, आणि त्यानंतरच कधीतरी पंथाचे खरे नाव सांगितले जाते.