संसाराचा हिशेब : खाली गेलेले घर आणि भरवशाचा मिस्त्री



तळघर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जुने वाडे नाहीतर धनिकांचे बंगले येतात. पण आपल्या वस्त्यांत, जुन्या चाळींत आणि सरकारी वसाहतींत कोणीही न बांधलेली तळघरे तयार झाली आहेत. जुना थर न खरवडता रस्त्यावर नवा डांबराचा थर पडतो, त्यावर पुढे काँक्रीट येते, गटाराची भिंत उंच होते. वडिलांच्या काळी ज्या घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, त्याच घरात आता दोन पायऱ्या उतरून जावे लागते. मग भिंती ओल धरतात, पलंगाखाली बुरशी येते, पोरांचा खोकला हटत नाही आणि दर जूनमध्ये शाळेचे दाखले, जातीचे दाखले, रेशनकार्ड असलेली पत्र्याची पेटी माळ्यावर चढवावी लागते.

असे घर दुरुस्त करायचा विचार माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळी करतो. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हाती आलेला असतो आणि आयुष्यात प्रथमच एकरकमी पैसा दिसतो. आणि नेमका त्याच वेळी ‘मी करून देतो, काका’ म्हणणारा दारात उभा राहतो. आमच्या वसाहतीत एका निवृत्त चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याने अशाच एकाच्या हाती ठरलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त पैसे पहिल्याच आठवड्यात दिले. फरशी फोडून झाली आणि ठेकेदार गायब. त्या माउलीने महिनाभर शेजाऱ्यांच्या ओसरीत स्वयंपाक केला. लेखी काही नव्हते, पावती नव्हती, फोन लागत नव्हता. हे वाचून तुम्हाला तुमच्या गल्लीतलेही एखादे घर आठवले असेल.

म्हणून मिस्त्री शोधण्याआधी दुखणे काय आहे ते शोधा. खाली गेलेल्या घरात पाणी तीन वाटांनी येते : पावसाचे दारातून, जमिनीतले भिंतीत चढून, आणि गटाराचे मोरीतून उलटे. चौथी वाट आपल्याच फुटक्या नळाची. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर पाहा. काटा फिरत असेल तर गवंड्याच्या आधी प्लंबर बोलवा. भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. मागच्या बाजूने पाण्याचे थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने धरले तर खोलीत कोंडलेली वाफ आहे, तिला खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा पुरेल. भिंतीवर पांढरी भुकटी, ज्याला आपण लोणा म्हणतो, ती धरली असेल तर पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येते आहे. त्यावर कोणी पुट्टी आणि ‘वॉटरप्रूफ’ रंग मारून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून रवाना करा. पाणी मागून ढकलते. एका पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात.

माझ्या मते कारागिराची पहिली पारख इथेच होते. जो आल्या आल्या ‘एवढे लागतील’ म्हणतो तो रंगारी असो की गवंडी, संशय धरावा. जो आधी विचारतो, ‘पाणी कोणत्या महिन्यात येते? गटार कोणत्या अंगाला आहे? पलीकडच्या घराची मोरी याच भिंतीला लागून आहे का?’ तो माणूस कामाचा. त्याचा दर थोडा जास्त असला तरी ऐकून घ्यावा.

दुसरी पारख त्याच्या जुन्या कामाची. मिस्त्री कालच संपवलेले काम दाखवायला नेतो. ते चकचकीतच असणार. दोन पावसाळे झेललेले काम दाखव म्हणावे. आणि तिथे गेल्यावर घरमालकाशी न बोलता घरातल्या बाईशी बोलावे. मोरीचा उतार बरोबर आहे की पाणी साचते, टाइलखाली पोकळ आवाज येतो का, सांगितलेल्या दिवशी मिस्त्री आला का, हे तिलाच ठाऊक असते. सिमेंट-हार्डवेअरच्या दुकानदाराला जरूर विचारा. कोण उधारी बुडवतो ते त्याच्या वहीत असते. मात्र काही दुकानांत मिस्त्रीला मालावर कमिशन मिळते, रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी कूपन निघते, हेही ध्यानात ठेवावे. शिफारस करणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे, एवढे मनाशी तपासले की पुरे.

आता दराचे. दर चौरस फुटावर सांगतात, पण भांडण दराचे नसते, मापाचे असते. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली धरा. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९, म्हणजे ३९६ चौरस फूट. छताचे १२०. एकूण ५१६. तीन बाय सातचा दरवाजा आणि चार बाय चारची खिडकी वजा केली तर ३७ कमी, म्हणजे ४७९. आता मिस्त्री ५८० म्हणाला तर टेप काढायला सांगा. दरवाजा-खिडकी वजा धरायची की त्यांच्या कडा करायच्या मेहनतीपोटी सोडून द्यायची, हे आधीच ठरवावे. दोन्ही पद्धती चालतात, पण काम संपल्यावर ठरवायची पद्धत चालत नाही. दर ‘मजुरीचा’ की ‘मालासकट’, तोडलेला राबिट कोण उचलणार, हेही त्यातच लिहावे. माल स्वतः आणणार असाल तर सिमेंटच्या गोणीवर छापलेला आठवडा आणि महिना वाचा. तीन महिन्यांहून जुने सिमेंट नको. बिल घ्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराने हिशेब लावणाऱ्याला तेवढे विचारायला हरकत नाही.

फरशी उंच करायची असेल तर एक गोष्ट घरोघरी विसरली जाते. फरशी फूटभर वर आली की दाराची चौकट, ओट्याची उंची, संडासचे भांडे आणि डोक्यावरचा पंखा, सगळ्यांचा हिशेब बदलतो. मिस्त्री फरशीचा दर सांगतो आणि सुताराचा खर्च मागून उभा राहतो. म्हणून आधी प्लंबर, सुतार, वायरमन आणि गवंडी या चौघांना एकदा एकत्र उभे करावे. एक सुट्टीचा दिवस जाईल, पण टाइल बसल्यावर पाइपासाठी ती फोडावी लागणार नाही. गटाराचे पाणी उलटे येत असेल तर प्लंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे विचारा. मोरीला टाइल लावण्याआधी जाळी बंद करून दोन इंच पाणी एक दिवसभर उभे ठेवा आणि मगच पुढच्या कामाला हो म्हणा. प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारायचे असते. घाईचा ठेकेदार नेमके हेच टाळतो. ते काम मात्र घरच्या मुलांनाही करता येते.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. ओल्या भिंतीत वीज म्हणजे काळ. परवाना असलेल्या वायरमनकडूनच काम करून घ्या. बटणे आणि प्लग पाणी जिथवर चढते त्याच्या बऱ्याच वर घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. त्यावर चाचणीचे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपास, मग तोडफोड झाल्यावर, पाइप-वायरिंग झाल्यावर, प्लास्टर झाल्यावर, आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस पाहून. साध्या कागदावर कामाचा तपशील, दर, माप, मुदत आणि हे टप्पे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. रोख दिलीच तर पावती घ्या. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लावायचे असते. एवढे हाती असेल तर काम बिघडल्यावर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा आता लागू आहे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

आता आपल्या माणसाचा प्रश्न. आपल्या समाजात उत्तम गवंडी आहेत, आयटीआय केलेले प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन आहेत. काम त्यांना मिळावे असे मलाही मनापासून वाटते. पण ‘आपलाच आहे, कागद कशाला?’ आणि ‘जयभीमवाला आहेस, थोडे कमी कर’ ही दोन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की हसावे की चिडावे कळत नाही. आपला आहे म्हणून त्याच्या पोराची फी कमी होत नाही. त्याला बाजारभाव द्या आणि कागदही करा. कागद झाला तर काम बिघडले तरी नाते टिकते, लग्नाकार्यात तोंड चुकवावे लागत नाही.

आणि नाक्यावरून आणलेले मजूर. सकाळी घमेले-थापी घेऊन उभे असलेले ते स्त्री-पुरुष, कोणी दुष्काळाने गाव सोडलेले, कोणी कर्जाने. ठेकेदार पळाला की तुमचे काम बुडते, पण त्यांची मजुरी बुडते. रोज संध्याकाळी त्यांना पैसे मिळाले की नाही एवढे विचारा. वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. अनेकांना हे माहीत नसते, चहाच्या वेळी सांगा. आणि तो चहा घरातल्याच कपात द्या. ज्यांच्या आजोबांना हॉटेलच्या बाहेर वेगळ्या कपात चहा मिळाला, त्यांच्या घरात मजुरांसाठी वेगळे कप निघालेले मी पाहिले आहेत.

काम चालू असताना चेंबर तुंबला तर ठेकेदार सहज म्हणतो, ‘एक माणूस आत उतरवतो.’ तिथे ठाम नाही म्हणा. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवून धोकादायक सफाई करून घेणे हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. आत उतरणारा बहुधा कोणत्या वस्तीतला असतो हे या साप्ताहिकाच्या वाचकाला सांगायला नको. नगरपालिकेकडे तक्रार नोंदवून सक्शनची गाडी मागवा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

शेवटी काळवेळ. ओलीचे काम दिवाळीनंतर भिंती सुकू लागल्या की काढावे. होळीला आणि मे महिन्यात बरेच कारागीर गावी जातात, म्हणून मार्चच्या आत तोडफोड आणि प्लास्टर उरकलेले बरे. मे महिन्यात जो मिस्त्री मोकळा सापडतो, तो मोकळा का आहे हेही विचारून घ्यावे.