झाडाचं टेन्शन, आपलं औषध

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलच्या टेबलावर कॉफीच्या बरणीशेजारी हल्ली अश्वगंधेची डबीही दिसते. झोप येत नाही, स्ट्रेस आहे, जिम सुरू केलीय... सगळ्यावर हाच उतारा. पण तुमचं टेन्शन घालवायला आणलेल्या या मुळाने शेतात स्वतः किती टेन्शन काढलंय, याचा विचार केलाय कधी? पावसाचं वेळापत्रक दरवर्षी बिघडत असताना हा प्रश्न तुमच्या डबीपर्यंत येऊन पोचलाय.

आधी बेसिक गोष्ट. ऊन वाढलं, कीड आली, पाणी आटलं, तरी झाडाला जागा सोडून पळता येत नाही. मग ते रसायनं बनवतं. काही रसायनं किडीला नकोशी होतात, काही झाडाच्या पेशी वाचवतात. आपण ज्यांना औषधी गुण म्हणतो, त्यातले बरेचसे म्हणजे झाडाची ही हत्यारं. अश्वगंधेतली विथानोलाइड्स त्यातलीच. सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात असलेलं कॅम्पटोथेसिनही तसंच. हे रसायन १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून वेगळं केलं गेलं, आणि ते करणाऱ्यांमध्ये नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी होते. त्यापासून पुढे कॅन्सरवरची औषधं तयार झाली.

आता मुद्दा ताणाचा. पाणी कमी पडलं की झाडाची वाढ आधी मंदावते, पण पानांतलं अन्न बनवण्याचं काम लगेच थांबत नाही. वाढीला न लागलेला हा माल मग रसायनांकडे वळतो. म्हणून थोडा ताण बसला की मुळातलं औषधी द्रव्याचं प्रमाण वाढू शकतं. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात अश्वगंधा हलक्या, कोरडवाहू जमिनीत येते, ती काही उगाच नाही.

मग दुष्काळ पडला तर बरंच की! थांबा, इथेच गणित चुकतं. समजा, चांगल्या वर्षी एका झाडापासून १०० ग्रॅम मूळ मिळालं आणि त्यात ०.५ टक्के द्रव्य होतं. म्हणजे ५०० मिलिग्रॅम. कोरड्या वर्षी प्रमाण ०.७ टक्क्यांवर गेलं, पण मूळ ६० ग्रॅमच भरलं, तर हाती येतात ४२० मिलिग्रॅम. टक्का वाढला, माल घटला. ताण आणखी वाढला तर झाडाकडे रसायनं बनवायलाही ताकद उरत नाही. शिवाय एकाच ताणाचा परिणाम पानात एक आणि मुळात दुसराच दिसू शकतो.

यात सगळ्यात जास्त मार बसतो शेतकऱ्याला. बाजारात मुळाची प्रतवारी मुख्यतः लांबी-जाडी बघून होते. कोरड्या वर्षातलं बारीक मूळ कदाचित जास्त गुणाचं असेल, तरी भाव कमीच. म्हणजे वजनातही तोटा आणि दरातही. औषधी द्रव्य तपासून भाव देण्याची सोय मंडीतच झाली, तर हा अन्याय थोडा तरी कमी होईल.

आणि आपलं काय? दोन वर्षांच्या दोन डब्या दिसायला सारख्या, पण आतलं द्रव्य सारखंच असेल याची खात्री नाही. ‘नॅचरल आहे, काय होतंय’ म्हणून चमचा वाढवणं तर अजिबात बरोबर नाही. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए पेशी मारू शकतं, म्हणूनच कॅन्सरच्या संशोधनात त्याचा अभ्यास होतो. थायरॉईड आणि हार्मोन्सवरच्या संभाव्य परिणामांमुळे डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली.

त्यामुळे पुढची डबी घेताना रील नाही, लेबल वाचा. विथानोलाइड्सचं प्रमाण लिहिलंय का, मूळ वापरलंय की पान, बॅच नंबर आहे का, एवढं तरी बघा. थायरॉईडची किंवा दुसरी कुठली गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बॉटनी, फार्मसी किंवा ॲग्रीला असाल, तर प्रोजेक्टसाठी विषय शोधत बसू नका. मंडीत मुळाचा गुण स्वस्तात आणि झटपट कसा तपासायचा, हा प्रश्न हातात घ्या. शेतकऱ्याला त्याची गरज आजच आहे.